‘दिसलं की!’ म्हणणाऱ्यांची रांग

राधानगरी तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलंय: माजी विद्यार्थ्यांनी शाळेला सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी, आरशाची) दुर्बीण भेट दिलीय, सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, आहेत. येत्या कोजागरीला मैदानावर गावासाठी आकाशदर्शन ठेवायचंय. दीडदोनशे माणसं येतील. काय दाखवायचं, गर्दी कशी सांभाळायची, आणि कोल्हापुरातल्या तुमच्या मंडळाची मोठी दुर्बीण त्या दिवशी मिळेल का?

बाई, मोठ्या दुर्बिणीचं शेवटी बोलू. आधी कोजागरीचं. कोजागरीला नका ठेवू. पाऊस उघडायला आला की आम्हाला दर वर्षी कुठून ना कुठून हाच निरोप येतो: पौर्णिमा आहे, मसाला दूध आहे, तुम्ही फक्त दुर्बीण घेऊन या. पौर्णिमेचा चंद्र डोळ्यांना जेवढा देखणा, दुर्बिणीतून तेवढाच सपाट. चंद्रावर बघण्यासारखं असतं ते सावल्यांमुळं. तुमच्याच मैदानावर भर दुपारी उभं राहिलात तर खाचखळगे कळत नाहीत, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात एकेका ढेकळाची सावली हातभर पडते. पौर्णिमेला चंद्राच्या आपल्या बाजूवर अशी भर दुपार असते. विवरं, डोंगर, दऱ्या सगळं चुन्यानं सारवल्यासारखं एकसारखं पांढरं दिसतं, आणि त्या उजेडात बाकीच्या चांदण्याही बुडतात. शिवाय आपल्याकडं त्या दिवसांत परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. कोजागरीला दूध आटवा, गाणी म्हणा. दुर्बीण बाहेर काढू नका.

तारीख पंचांग बघून ठरवा. शुक्ल षष्ठी ते नवमी, त्यातही सप्तमी-अष्टमी. त्या दिवशी उजेड आणि अंधाराची सीमा चंद्राच्या मधोमध असते आणि सगळी मजा त्या सीमेवरच असते. दिवस मावळताना चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, म्हणजे तुम्हाला घाई नाही. महिना मार्गशीर्ष धरा. कार्तिकाचा मोह होतो, कारण दिवाळीला मुंबई-पुण्याची पोरं गावात असतात, पण शाळेला सुट्टी असते आणि फटाक्यांचा धूर हलता हलत नाही. मार्गशीर्षात फक्त गुरुवार टाळा. घरोघरी महालक्ष्मीचा घट आणि उपवास असतो, बायका येऊ शकत नाहीत.

आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण सांगतो, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. थंडी पडते, आकाश निवळतं, आणि नेमका तेव्हाच ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. गुऱ्हाळं पेटलेली, कारखान्यांची धुराडी चालू, कुणीतरी तोडलेल्या फडात पाचट पेटवलेलं. वारा पडला की तो धूर जमिनीलगत चादरीसारखा पसरतो. डोक्यावरच्या चंद्राला किंवा वर आलेल्या गुरूला त्याचं काही होत नाही, पण क्षितिजापासून, हात ताठ करून धरलेल्या दोन मुठींपर्यंतचं सगळं गिळलं जातं. कार्यक्रमाच्या दिवशी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सांगून ठेवा, ऐकतात. नदीकाठाला असाल तर रात्री दहानंतर धुकं धरून चाला. आणि धुराला कंटाळून एप्रिल-मेमध्ये ठेवायचं म्हणाल तर वळीव आहेच.

वेळ साडेसातची ठेवा. संध्याकाळी डेअरीला दूध घातल्याशिवाय गाव मोकळं होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण जी माणसं साडेसहालाच येऊन बसतील त्यांना मावळतीकडं तोंड करून बसवा आणि किरणोत्सवाची गोष्ट सांगा. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं नोव्हेंबरात ९ ते ११ च्या सुमारास आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास गाभाऱ्यात येतात, हे गावातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. दोनदाच का, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. सूर्य मावळायची जागा रोज थोडी सरकते. २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं जाते, मग उलटी फिरते. नोव्हेंबरातले ते दिवस त्या वळणाच्या सुमारे एकेचाळीस दिवस आधीचे आणि फेब्रुवारीतले जवळजवळ तितकेच दिवस नंतरचे. जाताना आणि येताना सूर्य त्याच एका जागी मावळतो, म्हणून किरणं त्याच दारातून आत येतात. शाळेच्या गच्चीवरून आठवड्यातून एकदा मावळतीचा बिंदू कागदावर मांडायला पोरांना लावा. तीन महिन्यांत पोरं स्वतःच सांगायला लागतील.

आता दुर्बीण. सहा इंची डॉब्सोनियन गावाच्या कार्यक्रमाला भरपूर झाली. तुमच्या दुर्बिणीचं फोकल अंतर बहुधा १२०० मिलिमीटर असेल, नळीवर लिहिलेलं असतं. त्याला आयपीसच्या आकड्यानं भागायचं, म्हणजे २५ च्या आयपीसनं ४८ पट मोठं दिसतं आणि १० च्या आयपीसनं १२० पट. गर्दी असताना १० चा आयपीस डबीतून काढूच नका, कारण पुढं येईल.

दुर्बीण खोलीतून एक तास आधी बाहेर आणा. पत्र्याच्या खोलीत दिवसभर तापलेला आरसा बाहेरच्या थंडीला येईपर्यंत चित्र उकळत्या पाण्यात बघितल्यासारखं हलतं. सिमेंटच्या कट्ट्यावर नको, मातीवर किंवा गवतावर ठेवा. सिमेंट रात्रभर ऊब सोडत राहतं. फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाच जुळवून घ्या, लांबचा मोबाईल टॉवर किंवा कारखान्याच्या धुराड्याचं टोक धरून, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूचं. अंधारात तीस पोरांच्या गराड्यात फाइंडर जुळवत बसायची पाळी एकदा माझ्यावर आलीय, ती तुमच्यावर येऊ नये. सूर्याकडं दुर्बीण वळवायची नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची छोटी काळी काच मिळायची. तशी तुमच्या डबीत निघाली तर फोडून टाका. एकवटलेल्या उन्हानं ती तडकते आणि मागं डोळा असतो. सूर्याची गाळणी नेहमी नळीच्या पुढच्या तोंडाला लागते.

एवढं केलंत की तयारी झाली. पण कार्यक्रम फसतो तो इथं नाही, रांगेत फसतो, आणि फसला हे कुणाला कळतही नाही.

माझी सुरुवातीची गोष्ट. एका शाळेत शनी दाखवत होतो. शे-सव्वाशे पोरं, एक दुर्बीण, मी एकटा. पोरं येत होती, डोळा लावत होती, ‘दिसलं सर’ म्हणून पुढं पळत होती. मी बाजूला उभा राहून गुरुजींशी गप्पा मारत होतो, मनातून खूश. बऱ्याच वेळानं पाचवीतली एक मुलगी आली. डोळा लावला, काढला, परत लावला. म्हणाली, ‘सर, नुसतं काळं हाय.’ मी म्हटलं, नीट बघ. तिनं नीट बघितलं. ‘काळंच हाय वो.’ वैतागून मी स्वतः डोळा लावला. आत एकही ठिपका नव्हता. कुणाचा तरी धक्का लागून नळी भलतीकडंच वळली होती. कधी वळली कुणास ठाऊक. तिच्या आधीच्या तीस-चाळीस पोरांनी रिकाम्या अंधाराला डोळा लावून मला ‘दिसलं सर’ सांगितलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नाही. मागं रांग ढकलतेय, सर उभे आहेत, आधीच्याला दिसलंय, मग आपल्याला न दिसून कसं चालेल? मोठी माणसं तर पोरांपेक्षा जास्त भिडस्त. पाटील, सरपंच, मुख्याध्यापक, सगळे ‘वा, छान!’ म्हणून बाजूला होतात. त्यातल्या काहींनी आयपीसऐवजी फाइंडरला डोळा लावलेला असतो, तर काहींनी डोळाच मिटलेला असतो. जो उघडा ठेवायचा तोच मिटतात, खरंच.

तेव्हापासून मी ‘दिसलं का?’ हा प्रश्न विचारायचा सोडला. त्याचं उत्तर कायम हो असतं. त्याऐवजी असं काही विचारायचं की बघितल्याशिवाय सांगताच येणार नाही. चंद्र असेल तर: अंधार कुठल्या बाजूला आहे, डाव्या का उजव्या? (तुमच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, त्यामुळं नुसत्या डोळ्यांनी बघून ठोकलेलं उत्तर लगेच पकडता येतं.) गुरू असेल तर: बाजूला बारके ठिपके किती, आणि कुठल्या बाजूला किती? शनी असेल तर: कडी आडवी का तिरकी? ज्याला दिसलंय तो एका सेकंदात सांगतो. ज्याला नाही तो घुटमळतो. अशा माणसाला सगळ्यांसमोर ‘तुम्हाला दिसलं नाही’ असं म्हणायचं नाही. ‘थांबा हं, सरकला वाटतं’ म्हणून आपण डोळा लावायचा, नीट करायचं, आणि परत बोलवायचं. दोष दुर्बिणीवर घ्यायचा.

आणि सरकतोच तो. हे गणित तुमच्या नववी-दहावीच्या पोरांना घालण्यासारखं आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. साध्या १० मिमी आयपीसनं १२० पटीला आकाशाचा जेमतेम ०.४ अंशाचा गोल दिसतो. मधोमध धरलेला ग्रह पाऊण-एक मिनिटात काठाबाहेर. दोन माणसं होईपर्यंत तिसऱ्याला काळोख. २५ च्या आयपीसनं तोच गोल एक अंशाच्या आसपास, चंद्र पुरता मावून वर जागा उरते, आणि मधला ग्रह काठाला जायला दोन मिनिटं लागतात. म्हणून म्हटलं १० चा काढू नका. तरीही दर तीन-चार माणसांमागं दुर्बिणीवरच्या माणसानं स्वतः डोळा लावायचाच. हा माणूस गप्पा मारणारा नको. दोन हुशार पोरांना आठवडाभर रोज संध्याकाळी सराव द्या, ती आपल्यापेक्षा छान सांभाळतात.

दुसरं गणित रांगेचं. एकाला अर्धं मिनिट धरलं तरी दोनशे माणसांना शंभर मिनिटं. म्हातारी माणसं, लहान पोरं धरून अडीच तास. म्हणून एका दुर्बिणीवर एकच गोष्ट: चंद्र. सगळ्यांचा चंद्र झाला, निम्मी गर्दी पांगली, की मग गुरू किंवा शनी, जो आकाशात असेल तो. चंद्र बघतोय तोवर बाकीच्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सतरंजीवर बसवून नुसत्या डोळ्यांचं आकाश सांगा. कुणाकडं १० बाय ५० चा बायनॉक्युलर असेल तर तो काठीला नाहीतर कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधून कृत्तिकांवर लावा. कृत्तिका दुर्बिणीपेक्षा त्यातूनच जास्त छान दिसतात.

दुर्बिणीपाशी एक मजबूत स्टूल आणि एक खुर्ची ठेवा. चंद्र डोक्यावर असताना आयपीस वर येतो, लहान पोरांना पोचत नाही. ग्रह खाली असताना आयपीस कमरेशी येतो आणि आजीला वाकता येत नाही. पोरांनी आयपीस हातात धरायचा नाही, म्हणून स्टुलावर चढलेल्याला दोन्ही हात पाठीमागं बांधायला सांगतो. खेळ म्हणून आवडीनं करतात. चष्मेवाल्यांना विचारा: नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झालं. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा राहू द्या. मोतीबिंदूवाल्यांना धूसर दिसतं, त्यांना चंद्रच दाखवा, दिसतो. म्हाताऱ्यांना पहिल्यांदा सोडा. पोरं शेवटपर्यंत थांबतात, आजी थंडीनं साडेआठला घरी जाते.

मोबाईलनं फोटो काढायला रांगेत परवानगी नाही, हे सुरुवातीलाच सांगा. एक माणूस आयपीसला मोबाईल टेकवून पाच मिनिटं घेतो आणि त्या उजेडानं मागच्या दहाजणांचे डोळे जातात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका टॉर्चनं ते क्षणात पुसलं जातं. कार्यकर्त्यांच्या टॉर्चला लाल जिलेटीनचे दोन-तीन पदर रबरानं बांधा. रस्त्यावरचे दिवे बंद करायला ग्रामपंचायतीच्या माणसाला आधी भेटा, आणि त्याला पहिल्या रांगेत घ्या. भारनियमनाच्या दिवसांत आमचे कार्यक्रम काय रंगायचे! लाईट गेली की लोक महावितरणला शिव्या द्यायचे आणि आम्ही मनातल्या मनात आभार मानायचो. पण पूर्ण काळोख करताना मैदान दिवसा फिरून बघा: खड्डे, तारा, साप. तुमच्या भागात गवे उतरतात, तेव्हा कुंपणाबाहेर कुणी भटकणार नाही एवढं बघा.

भाषणं नकोत. एका ठिकाणी सत्कार, प्रास्ताविक, मनोगत असं करत पाहुण्यांचं बोलणं संपेपर्यंत नऊ वाजले आणि ढग आले. त्या गावानं त्या रात्री चंद्राऐवजी शाल-श्रीफळ बघितलं.

हिरव्या लेसरनं तारे दाखवायला फार सोपं जातं, पण तो मोठ्या माणसाच्याच हातात द्या. डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. आणि विमान दिसलं की बंद. उजळाईवाडीला विमानतळ आहे, विमानावर लेसर मारणं हा गुन्हा आहे.

लोकांची निराशा होते ती मासिकातल्या, मोबाईलमधल्या फोटोंमुळं. रंगीत तेजोमेघ, गरगरणाऱ्या दीर्घिका डोक्यात घेऊन येतात आणि आयपीसात एक करडा डाग दिसतो. म्हणून रांगेत असतानाच सांगा की काय दिसणार आहे आणि काय नाही. चंद्रावरचा झेंडा दिसणार नाही. सहा इंचीतून दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं ओळखता येत नाही. गुरू वाटाण्याएवढा वाटेल, दोन फिके पट्टे, आणि एका ओळीत बसलेले चंद्र. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच ठिपके बघितले होते, तुमच्यापेक्षा कितीतरी लहान दुर्बिणीनं. गंमत म्हणजे गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा ४८ पटीला तो आपल्याला नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो त्यापेक्षा जरा मोठाच दिसतो. हे सांगितलं तरी लोक म्हणतात, ‘एवढासाच?’ मग मी म्हणतो, एक डोळा आयपीसला आणि दुसऱ्यानं वर चंद्र बघा. हे जमायला जरा वेळ लागतो, पण ज्याला जमतं तो गप्प होतो. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या नजरेच्या रेषेत येऊन दिसेनाशी झाली होती. दर साधारण पंधरा वर्षांनी असं होतं, मग ती हळूहळू उघडत जातात. म्हणून सध्याची कडी पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा बारीक दिसतात, हेही आधी सांगा. देवयानीची दीर्घिका गर्दीला दाखवूच नका. पंचवीस लाख प्रकाशवर्षं म्हटल्यावर लोक उत्सुकतेनं येतात आणि धुराचा ठिपका बघून जातात. ती शेवटी उरलेल्या आठ-दहा जणांसाठी राखून ठेवा.

नुसत्या डोळ्यांचं आकाश सांगताना मी नेहमी मृगापासून सुरू करतो. मृग म्हटलं की आपल्याकडं पेरणी, पहिला पाऊस, मृगाचा किडा. एकदा गगनबावड्याच्या बाजूला एका शेतकऱ्यानं मला अडवलं: ‘ह्ये हिवाळ्यात कसलं मृग दाखवालाईसा? मृग जूनात असतंय.’ बरोबर प्रश्न. त्यांना शेकोटीभोवती उभं केलं. शेकोटी म्हणजे सूर्य, तुम्ही पृथ्वी. शेकोटीच्या पलीकडं कोण उभं आहे ते जाळामुळं दिसतं का? नाही. तसा ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणजे मृगाच्या चांदण्या सूर्याच्या पलीकडं, त्याच्याबरोबरच उगवणार आणि मावळणार. तेव्हा मृग असतं पण दिसत नाही. आता अर्धी फेरी मारून शेकोटीच्या पलीकडं जा आणि शेकोटीला पाठ करा. समोर जे दिसतं ते डिसेंबरचं आकाश, दिवस मावळला की मृग उगवतीला. ते गृहस्थ शेकोटीभोवती स्वतःच दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, ‘म्हंजे पेरणीच्या टायमाला त्यो सूर्याआड दडतोय.’ यापेक्षा छान वाक्य मला पंचवीस वर्षांत सुचलेलं नाही. मार्गशीर्ष हे नावही याच नक्षत्रावरून, पौर्णिमेचा चंद्र त्याच्यापाशी असतो म्हणून. मृगाच्या पोटातल्या बाणाची, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांची, रेघ खाली धरली की व्याध, वर धरली की रोहिणी आणि पुढं कृत्तिका. एवढं दाखवलं तरी पोरं घरी जाऊन आईला दाखवतात.

फेब्रुवारीत पुन्हा एकदा ठेवलात तर नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्याचा तारा दाखवा. हात ताठ करून मूठ धरली की साधारण दहा अंश. अगस्त्य आपल्याकडं क्षितिजापासून दोन मुठी वर येतो. दिल्लीत तो जेमतेम एक मूठ येतो. उलट ध्रुव आपल्याकडं पावणेदोन मुठींवरच, कारण कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे आणि ध्रुवाची उंची म्हणजेच अक्षांश. मेच्या मध्यावर साडेनऊला त्रिशंकूचे चारही तारे दक्षिण क्षितिजावर उभे दिसतात, वळिवानं आकाश धुऊन निघालं असेल तर. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा. सप्तर्षींना बाजलं म्हणणारी आणि ते ओढून नेणाऱ्या तीन चोरांची गोष्ट सांगणारी माणसं अजून आहेत. ती पोरांनी लिहून घेतली पाहिजे.

शनी दाखवताना साडेसातीचा प्रश्न येणारच. वाद घालू नका. मी एवढंच सांगतो: शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत अंदाजे अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसात. साडेसातीतला साडेसातचा आकडा इथून आला. पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं. एक गृहस्थ शनीला डोळा लावायला तयार नव्हते, मी आग्रह केला नाही. सगळे गेल्यावर आले. बराच वेळ बघितलं, काही बोलले नाहीत, आणि दुर्बीण गाडीत ठेवायला हात लावला.

आता मोठी दुर्बीण. आमची आठ इंची आहे, तुमच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट प्रकाश गोळा करते. पण चंद्रावर तो प्रकाश नकोसाच होतो आणि रांग एका माणसानंही कमी होत नाही. शहरात रंकाळ्यावर आम्ही कित्येकदा जुन्या साडेचार इंचीनं भागवतो. तिथं दिव्यांचा एवढा झगमगाट, तरी चंद्राला आणि ग्रहांना काही फरक पडत नाही, आणि भेळ खायला आलेली माणसं आपोआप रांगेत येतात. चौपाटीवरून पश्चिमेला पाण्यावर मोकळं क्षितिज मिळतं, शुक्र असला की फार छान. मसाई पठाराचा काळोख लागतो तो दीर्घिका आणि तारकागुच्छ बघायला, आणि तिथं आम्ही दहा-बारा जणच जातो. गावाचा कार्यक्रम गावातच हवा. तुमच्या शाळेतल्या कुणाला पुढं गोडी लागली तर त्यांना पन्हाळ्यावरचं शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र दाखवा, विद्यापीठाची आधी परवानगी घेऊन. आणि जमलं तर पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या किंवा मुंबईच्या खगोल मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला नुसतं प्रेक्षक म्हणून जाऊन या. परिसंस्था १९४४ पासून आहे, मंडळ १९८५ पासून. आकाश कमी बघा, ते लोक रांग कशी हलवतात ते बघा.

म्हणून मोठी दुर्बीण पाठवत नाही, माणसं पाठवतो. आमच्यातले दोघं साडेचार इंची घेऊन एसटीनं येतील, म्हणजे दुसरी रांग लावता येईल. तारीख ठरली की तिथी आणि वार दोन्ही कळवा. त्यांच्या जेवणाची धावपळ करू नका, पिठलं-भाकरी झाली तरी खूप. आणि कार्यक्रम संपला असं जाहीर केल्यावर दुर्बीण लगेच आवरू नका, पंधरा मिनिटं तशीच चंद्रावर ठेवा. त्या वेळात शाळेचा शिपाई येतो, चहा करणाऱ्या मावशी हात पुसत येतात, दिवे बंद करणारा माणूस येतो. दिवे लावायला त्याला त्याचं बघून झाल्यावरच सांगा.